एका प्राध्यापकाचे पळणे

आमच्या जालना जिल्ह्यातला लांब पल्ल्याचा पहिला धावपटू कोण, असे मला कोणी विचारले तर मी बेधडक समर्थ रामदासांचे नाव घेईन. त्यांचे जन्मगाव जांब हे आमच्या घनसावंगी तालुक्यातले. जन्म 1608 चा. बारा वर्षांचा नारायण बोहल्यावर उभा होता, अंतरपाट धरलेला होता, भटजींनी ‘सावधान’ म्हटले आणि हा मुलगा खरोखरच सावध होऊन मांडवातून जो पळाला तो थेट नाशिकला पोहोचला, ही कथा आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. आजच्या मोजणीने हे अंतर दोनशे किलोमीटरांहून अधिक भरते. पायांत बूट नाहीत, वाटेत पाण्याची टेबले नाहीत आणि शेवटी गळ्यात पदक घालायला कोणी उभे नाही! भाविकांनी रागावू नये. ज्याने आयुष्यभर गावोगाव मारुती उभे केले आणि तरुणांना बलोपासना शिकवली, तो महापुरुष माझ्या या चेष्टेवर फार तर हसला असता.

आता मराठीचा मास्तर म्हणून एक सांगितल्यावाचून राहवत नाही. पुण्यामुंबईकडे ‘धावणे’ म्हणतात, आम्ही मराठवाड्यातले लोक ‘पळणे’ म्हणतो. दोन्हींत पायांचे काम एकच, पण मनाचे वेगळे. देव धावतो, चोर पळतो. जो कशाकडे तरी जातो तो धावतो; जो कशापासून तरी जातो तो पळतो. मी स्वतः कोणत्या क्रियापदात बसतो, हे मला बेचाळीस-त्रेचाळीस वर्षे कळलेच नव्हते, कारण आमच्या घरात दोन्ही क्रियापदांना बंदी होती.

त्याचे कारण असे. माझे वडील शाळामास्तर होते. 1989 सालच्या एका दुपारी अंबडच्या स्टँडवर त्यांची गाडी सुटत होती. ते पिशवी काखेत मारून पळाले, दांडी धरली, चढले, बाकावर बसले आणि बसल्या जागी गेले. वय चव्वेचाळीस. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. त्या दिवसापासून आईच्या तोंडी एकच वाक्य बसले, “पळू नको बाबा, दुसरी गाडी येईल.” शाळेच्या शर्यती असोत, पाऊस येवो, कुत्रे मागे लागो, हे वाक्य कानांत असे. मी क्रिकेट खेळलो तो पंच म्हणून. लग्नाच्या मुहूर्ताला उशीर झाला तेव्हाही मी मांडवात रमतगमत शिरलो होतो. समर्थांच्या अगदी उलट!

तर असा हा मनुष्य वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी साताऱ्याच्या यवतेश्वर घाटात धावायला कसा गेला?

आमच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारे एक सहकारी आहेत. ते साताऱ्याला जाऊन एक पदक घेऊन आले आणि पुढचा महिनाभर स्टाफरूममध्ये दुसरा विषय निघाला नाही. साताऱ्याची ही डोंगरातली अर्ध-मॅरेथॉन 2012 पासून होते. त्याच वर्षी पश्चिम घाटाबरोबर कासचे पठार जागतिक वारशाच्या यादीत गेले. कासकडे जाणाऱ्या रस्त्यानेच ही शर्यत चढते. अंतर 21 किलोमीटर आणि वर सुमारे शंभर मीटर. हे सारे ऐकता ऐकता माझ्या मनात एक हिशेब चालू झाला. वडिलांपेक्षा मी आता दोन वर्षांनी मोठा झालो होतो. पण प्रत्येक जिन्यावर छातीवर हात ठेवून थांबत होतो, आणि दुखत तर काहीच नव्हते.

मी गुपचूप डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी रक्त तपासले, मला सरकत्या पट्ट्यावर चालवून हृदयाचा आलेख काढला, वडिलांची हकीकत दोनदा विचारली. मग म्हणाले, “तुमच्या हृदयाला काही झालेले नाही. त्याला काम नाही, एवढेच.” हळूहळू वाढवा, छातीत काही वाटले की थांबा आणि पळताना सोबत्याशी बोलता आले पाहिजे, अशा तीन अटी त्यांनी घातल्या. शेवटची अट प्राध्यापकाला जड नव्हती.

जालना म्हणजे सपाटी. ‘जालना, सोने का पालना’ अशी आमच्या गावाची ख्याती. पूर्वी कापसाची, आता लोखंडाच्या सळ्यांची आणि बियाण्यांची. पहाटे पाचला बाहेर पडलो की गावाच्या कडेला पोलादाच्या कारखान्यांचा तांबूस उजेड दिसे आणि मोसंबी भरलेले टेम्पो बाजाराकडे निघालेले असत. घाट मात्र औषधालाही नाही. मग भौतिकशास्त्राने उपाय काढला, कॉलेजचा जिना. तीन मजले, वीस वेळा. शिपाई मामांनी चौथ्या दिवशी विचारले, “सर, काही हरवलं का?”

दुसरा उपाय राजूरचा. भोकरदन तालुक्यातल्या राजूरच्या टेकडीवर गणपतीचे ठाणे आहे, जालन्यापासून साधारण पंचवीस किलोमीटर. अंगारकीच्या रात्री जालन्याहून माणसांची रांग त्या रस्त्याने पायी चालते. बायाबापड्या, कॉलेजची पोरे, कडेवर मूल घेतलेली कुटुंबे. मीही त्या रात्री निघालो, थोडे पळत, थोडे चालत. शेवटच्या चढावर मी बैलासारखा धापा टाकीत होतो आणि माझ्या पुढे सत्तरीचे एक आजोबा वहाणा हातात घेऊन संथ चढत होते. मी जोर करून त्यांना मागे टाकी आणि उभा राही. ते येत आणि पुढे जात. असे तीनदा झाले. चौथ्यांदा ते म्हणाले, “मास्तर, चढाला पाऊल बारीक टाकावं. गणपती कुठं जायला नाही.” माझे पायांचे सारे शास्त्र मी या एका वाक्यावर चालवले.

आईला काय सांगायचे, हा खरा घाट. पत्नीला मी विश्वासात घेतले होते. “अहो, बूट तरी खाटेखाली दडवू नका, त्यांना केर काढताना सापडतील,” असे ती म्हणाली होती आणि तसेच झाले. आईने बूट ओट्यावर आणून ठेवले. तळवे झिजलेले होते.

“हे कशापायी?”

मी सगळे सांगितले. डॉक्टर, आलेख, सातारा. आई बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “जांबचं एक पोरगं असंच पळालं होतं. आईला चोवीस वर्षांनी भेटलं.” बारा वर्षे तप आणि बारा वर्षे तीर्थाटन करून समर्थ जांबला परतले, तोवर राणूबाईंचे डोळे गेले होते, अशी कथा आहे, आईने ती वाचून दाखवताना मी पुष्कळदा ऐकली होती. मी म्हणालो, “आई, मी सोमवारी परत येणार आहे.” ती उठली. जाता जाता म्हणाली, “साताऱ्याला चाललासच तर सज्जनगडाचा अंगारा आण.” परवानगी एवढीच.

2023 च्या सप्टेंबरातला पहिला रविवार. संभाजीनगर, नगर, पुणे असा रात्रीचा प्रवास करून आम्ही आदल्या दिवशीच साताऱ्यात उतरलो होतो. पहाटे पोलीस कवायत मैदानावर हजारो माणसे छातीला क्रमांक लावून थंडीत उड्या मारीत होती. अजिंक्यतारा ढगात अर्धा बुडालेला. माझ्या शेजारी साठीच्या एक बाई नऊवारीत आणि बुटांत उभ्या होत्या. ‘पहिलीच वेळ का?’ असे त्यांनी ज्या स्वरात विचारले त्यात अनुकंपा होती.

मराठी माणसाचे आणि या खेळाचे नाते जुने आहे. 1920 साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉनला आपल्याकडून चौगुले आणि दातार उभे राहिले. बेळगावचे फडेप्पा चौगुले तेव्हा एकोणिसावे आले, आणि ती शर्यतही नेहमीपेक्षा लांब, पावणेत्रेचाळीस किलोमीटरांची होती. आजच्या काळात आमच्या शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या अविनाश साबळे यांनी 2020 मध्ये दिल्लीत अर्ध-मॅरेथॉन 1 तास आणि 30 सेकंदांत पुरी केली. तेवढ्या वेळात मी, सांगून टाकतो, घाटाच्या मध्यावर एका केळीवाल्या पोराशी गप्पा मारीत होतो.

सुरुवातीचे तीन-चार किलोमीटर गावातले. सातारकर ही शर्यत लग्नघरच्या उत्साहाने साजरी करतात. ढोल, लेझीम, ओट्यांवर उभ्या आज्या, पाण्याचे पेले पुढे करणारी शाळकरी मुले. अनोळखी माणसे नाव घेऊन ओरडतात, कारण ते छातीवरच्या कागदावर छापलेले असते. मला हे गेल्यावर कळले, तोवर साताऱ्यात आपले इतके विद्यार्थी कसे, या आनंदात मी भलताच जोरात पळालो. समर्थ मंदिराचा भाग मागे पडला आणि बोगद्यापाशी आलो. इथे वाट फुटते. एक बोगद्यातून सज्जनगडाकडे, दुसरी यवतेश्वराच्या घाटाने कासकडे. जांबच्या मुलाचा रस्ता डावीकडे गेला, माझा उजवीकडे वर.

घाट एकदम सुरू होतो. चढ तीनशे मीटरांहून अधिक. आकडा ऐकायला किरकोळ आहे, पण पहिल्या वळणावरच माझे हृदय कानांत येऊन बसले. आणि त्या क्षणी मला अंबडचा स्टँड दिसला. पिशवी, दांडी, बाक. मी आजवर ज्या आवाजाला भीत आलो तो हाच, छातीतला धडधडाट. मी कठड्यापाशी थांबलो. भौतिकशास्त्र पुढे गेले होते. दुखते आहे का, असे स्वतःला विचारले. नाही. हात जड झाला का? नाही. बोलता येते का? एका स्वयंसेवक मुलीला मी विचारले, “बाळ, अजून किती?” “पुष्कळ, काका!” ती आनंदाने म्हणाली. म्हणजे बोलता येत होते. मग मी राजूरच्या आजोबांना स्मरून पाऊल बारीक केले आणि चालू लागलो. पळणारे पुढे जात होते. चालायची लाज फक्त पहिली शंभर पावले वाटते. पुढे पाहिले तर निम्मे लोक चालतच होते, आणि पळणारे काहीजण दर वळणावर माझ्यासाठी थांबल्यासारखे उभे होते!

चालल्यामुळे घाट दिसला, हा आणखी एक फायदा. कातळावरून पाण्याच्या धारा रस्त्यावर उतरत होत्या. कडेला सोनकी पिवळी झाली होती, तेरडा गुलाबी. धुके खालून येई, वळण पुसून टाकी आणि पुन्हा मांडी. एका फटीतून सबंध सातारा खाली दिसला, कौले, पत्रे, देवळांचे कळस, सारे ओले. एका बाजूला कण्हेर धरणाचे पाणी शिशाच्या रंगाचे. वर पठारावर वारा इतका की टोपी हातात धरावी लागली. परतीचे वळण घेतल्यावर काही वेळाने उरमोडीच्या खोऱ्यापलीकडचे ढग वर सरले आणि एक सपाट माथा उघडा पडला. “सज्जनगड,” शेजारून जाणारा कोणी म्हणाला. 1682 साली समर्थ तिथे संपले. मी पुष्कळ वर्षे वर्गात ‘दासबोध’ शिकवतो. जांब आणि सज्जनगड ही दोन नावे फळ्यावर किती वेळा लिहिली असतील. त्यांच्यामधले अंतर हे पायांनी तोडलेले अंतर आहे, हे मला त्या दिवशी पायांतून कळले.

उतार सोपा असतो, हा गैरसमज दूर करणे माझे कर्तव्य आहे. चढताना दम लागतो, पण मांड्या मोडतात त्या उतरताना. प्रत्येक पावलाला अंगाचे ओझे आवरताना स्नायू ताणलेल्या स्थितीतच जोर लावतात आणि त्यांचे धागे दुखावतात. हे मला भौतिकशास्त्राने नंतर समजावले. त्या वेळी मी नुसता पळालो. डोळ्यांत पाऊस, मागे वारा. गेल्या चौतीस वर्षांत मी असा पळालो नव्हतो. नऊवारीतल्या बाई मैदानाच्या दारात मला गाठून पुढे गेल्या, हेही नमूद करतो.

दुसऱ्या दिवशी सज्जनगडाच्या पायऱ्या मी कठडा धरून, आडवा होऊन चढलो. उतरताना तर पाठमोरा उतरलो. एक छोटी मुलगी आईला विचारीत होती, हे काका उलटे का चाललेत? पुडीतला अंगारा खिशात होता. खाली टपरीवर चहा घेऊन मी घरी फोन लावला.

“किती येळ लागला?” आईने विचारले.

“दोन तास एक्कावन्न मिनिटं.”

“त्यात पळालास किती?”

“घाट चढताना चाललोच. उतरताना पळालो.”

थोडा वेळ नुसताच आवाज आला, बहुधा ती खुर्चीवर बसत असावी.

“बरं केलंस. अंगारा घेतलास का? मग ये आता. गाडी गेली तर दुसरी येईल.”