लष्कराच्या भाकरी

ते मी म्हणायला नको होतं. घरचं खाऊन लष्कराच्या भाकरी भाजणं. शब्द तोंडून गेले आणि तेव्हापासून मला सोडत नाहीत.

ज्याच्याबद्दल म्हटलं तो शेजारचा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे. मी त्याला पाहिलेलं नाही. मी लेकीकडे यूटा राज्यातल्या ओरेम गावी आले, त्याच्या आधीच तो तैवानला गेला होता. ताइचुंग शहरात तो मॉर्मन पंथाचा मिशनरी आहे. दोन वर्षं तिथेच राहायचं. त्याच्याकडे सोमवारची दुपार होते तेव्हा इथे रविवारची रात्र असते, आणि त्याच सुमाराला त्याचं पत्र येतं. त्याची आई ते घेऊन आमच्याकडे येते आणि मला समजावं म्हणून सावकाश वाचते. पहिल्यांदा आली तेव्हा मी चहा टाकला. तिनं हात जोडल्यासारखे करून नको म्हटलं. त्यांच्यात चहा, कॉफी, दारू, तंबाखू काहीच चालत नाही. आता मी कोकमचं सरबत करते.

सोमवार हा त्याचा मोकळा दिवस. कपडे धुवायचे, बाजार करायचा, केस कापायचे, घरी लिहायचं. संध्याकाळी पुन्हा पांढरा सदरा, टाय आणि छातीवर नावाची काळी पाटी. मंगळवारपासून रोज साडेसहाला उठणं, व्यायाम, ग्रंथवाचन, चिनी भाषेचा अभ्यास, मग सायकलवरून गल्ल्या. सोबत कायम एक जोडीदार, तोही संस्थेनं ठरवून दिलेला. न्हाणीघर सोडलं तर या मुलाला दिवसभरात एकटं असं राहताच येत नाही. रात्री साडेदहाला दिवा मालवायचा. बुधवारी फुकट इंग्रजीचा वर्ग असतो, त्याला माणसं येतात. बाकीचे दिवस दारं वाजवण्यात जातात. बहुतेक दारं उघडत नाहीत. उघडली तर घरची माणसं प्रेमानं चहा पुढे करतात आणि याला तो नाकारावा लागतो. डोंगरावरच्या चहासाठी नावाजलेल्या देशात, परक्याच्या उंबऱ्यावर उभं राहून पहिलं बोलायचं काय, तर ‘चहा नको’. हे ऐकताना माझ्या पोटात तुटलं.

आणि हे सगळं घरचं खाऊन. पगार तर नाहीच, उलट त्याच्या घरून महिन्याला ५०० डॉलर भरले जातात. त्याची आई एका दुकानात उभ्याचं काम करते. हे कळलं तेव्हाच ती म्हण माझ्या तोंडी आली असणार.

म्हणीत दोष कुणाला आहे, याचा मी कधी विचारच केला नव्हता. शाळेत एकतीस वर्षं मराठी शिकवलं, फळ्यावर अर्थ लिहून दिला: स्वतःचा फायदा नसताना दुसऱ्याची उठाठेव करणे. एकाही पोरानं विचारलं नाही की बाई, लष्कर भुकेलं होतं का? आता मला ती बाई डोळ्यांपुढे दिसते. गावाबाहेर तळ पडलाय. हिच्यापुढे पिठाची रास ओतलीय. पीठ हिचं, सरपण हिचं, मनगटं हिची. तिला कुणी विचारलं होतं का? विचारलं नसेल तर ती वेठ झाली. मग आपण तिला हसतो कशाला? आणि ती आपण होऊन बसली असेल, तर तिच्या मनात काय असेल? ज्या शिपायानं ती भाकरी खाल्ली त्याला तरी ती लष्कराची वाटली असेल का? त्याला ती भाकरीच वाटली असेल.

लष्कराच्या भाकरी मी पाहिल्या आहेत, म्हणजे तेवढ्या संख्येनं. माझं माहेर लोणंदचं. माऊलींची पालखी नीरा ओलांडून, पादुकांना स्नान घालून आमच्याकडे मुक्कामाला यायची. आई आदल्या रात्रीच दोन पायल्या ज्वारीचं पीठ चाळून ठेवायची आणि पहाटे तीनला चूल पेटवायची. आधणाचं पाणी पिठात ओतून उलथन्यानं हलवायचं, हात सोसेल इतकं निवलं की काठवटीत मळायचं. मळायचं म्हणजे तळव्याच्या टाचेनं रगडायचं, नाहीतर थापताना कडा चिरतात. आईच्या भाकरीची कड कधी चिरली नाही. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरायचा, पाणी सुकायच्या आत उलटायची, मग चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यावर उभी. पापुद्रा टम्म फुगला की आई तिच्याकडे क्षणभर बघायची. दोनशेवी असली तरी बघायची. मी टोपल्यात भाकरी रचायची. गरम भाकरी एकीवर एक ठेवली तर घाम सुटून ओली होते, म्हणून कडेनं उभी करायची. दुपारपर्यंत आईचे तळवे लाल व्हायचे. एकदा एका म्हाताऱ्या वारकऱ्यानं जेवून उठल्यावर ‘माऊली’ म्हणत तिच्या पायांवर डोकं ठेवलं. ती इतकी गोंधळली की तिनंही वाकून त्याचे पाय धरले. दोघं वाकलेली, आणि मध्ये पिठाची काठवट.

हे आठवल्यावर मला बरं वाटलं. म्हटलं, हा फरक आहे. आईनं भाकरी दिली, पण ‘तू माझ्यासारखा हो’ असं कुणाला म्हटलं नाही. तो मुलगा मात्र लोकांना बदलायला गेला आहे.

पण मग धाकटा काका आठवला. काका प्यायचा. एका वर्षी आमच्या ओसरीवर उतरलेल्या दिंडीतले एक बुवा रात्री उशिरापर्यंत त्याच्याशी काहीतरी बोलत बसले आणि सकाळी त्याच्या गळ्यात तुळशीची माळ होती. दारू सुटली, मटण सुटलं, एकादशी आली, दरवर्षीची वारी आली. काका माणसात आला असं सगळं गाव म्हणालं आणि ते खरंच होतं. त्या बुवांना कुणी बोलावलं नव्हतं. तेही घरचं खाऊन चालत होते. काकूला मात्र जत्रेचं मटण फार आवडायचं. माळेनंतर त्या घरात पुन्हा ते शिजलं नाही. काकूला कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. मीही कधी विचारलं नाही, आणि आता ती नाही.

या वाटेनं गेलं की थांबता येत नाही. अमेरिकेतूनच गॉर्डन हॉल नावाचा तरुण मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरला, मराठी शिकला, आणि १८२६ मध्ये नाशिककडच्या फिरतीवर पटकीनं वारला. आमच्या मुलखात किती जणांनी त्याचं ऐकलं? फार थोड्यांनी. त्याच मिशनच्या सिंथिया फरार १८२७ साली आल्या. लग्न केलेलं नव्हतं. पुढे अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवल्या. त्या जोतीरावांनी पाहिल्या, आणि सावित्रीबाईंनी शिक्षिका होण्याचे धडे त्यांच्याकडे घेतले. १८६२ मध्ये बाई नगरलाच वारल्या. त्यांच्या मागे बॉस्टनमध्ये कुणी म्हणालं असेल का, की कशाला हिला परक्यांची उठाठेव? त्या घेऊन आल्या होत्या त्यांचा येशू. आमच्या बायांनी घेतली पाटी. त्या पाटीवरच माझी एकतीस वर्षं उभी आहेत. म्हणजे कुणाच्या तरी लष्कराची भाकरी मी जन्मभर खात आले. हे लिहितानाही पूर्ण पटत नाही. पाटी एका हातानं देताना त्यांनी दुसऱ्या हातानं आमच्या देवांना काय काय म्हटलं असेल, तेही मला विसरता येत नाही. दोन्ही हात एकाच बाईचे होते.

ताइचुंगची माणसंही बुधवारी येतात, इंग्रजी घेतात आणि उरलेलं सोडून घरी जातात. मुलानं पत्रात याची तक्रार कधी केली नाही. त्याच्या आईला मी एकदा विचारलं, तो आपण होऊन गेला ना? ती म्हणाली, हो, लहानपणापासून म्हणायचा. मग थोड्या वेळानं म्हणाली, आमच्याकडे सगळीच मुलं म्हणतात. थोरला गेला होता तेव्हा वर्षातून दोनदाच घरी फोन करता यायचा, नाताळला आणि मदर्स डेला. २०१९ पासून दर आठवड्याला बोलता येतं. तरी तिला पत्रच लागतं. आवाजात तो बरा असल्याचं सांगतो, म्हणाली, लिहिताना विसरतो.

पत्रांमध्ये एक आजी यायच्या. गल्लीच्या टोकाशी राहणाऱ्या. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, मला तुमचं काही ऐकायचं नाही. पण दोघं सायकलवरून दिसले की हाक मारून थांबवायच्या आणि चिरलेला पेरू द्यायच्या, वर सुकवलेल्या आलुबुखाराची आंबटगोड पूड भुरभुरलेली. आमच्याकडे तिखटमीठ लावतात तसा. मुलगा लिहायचा, आज पुन्हा पेरू मिळाला. कधी अख्ख्या आठवड्यात सांगण्यासारखं तेवढंच असायचं. द्यायला गेलेलं पोर रोज घेऊन परत यायचं. आता यात लष्कर कोण आणि भाकरी कुणाची, हे मला लावता येईना. आजींच्या लेकीसुनांनीही त्यांना काहीतरी म्हटलंच असेल.

काल रात्रीचं पत्र लहान होतं. त्याची बदली झाली. सहा आठवड्यांनी अशी यादी निघते. नवं गाव, नवा जोडीदार. सायकल न्यायची कशी, खोली कशी आहे, पाऊस किती आहे, हे सगळं होतं. आजींचा उल्लेख नव्हता. मी शेजारणीला म्हटलं, त्याला विचार, निघताना त्यांना सांगून निघाला का. तिनं लगेच फोनवर लिहिलं. पण त्याचा सोमवार संपला होता. आता पुढच्या सोमवारपर्यंत तो वाचणार नाही.