मागायला आलेली शेजारीण

माझ्या वडिलांनी आयुष्यात कुणाचा पैसा बुडवला नाही. गिरणी गेली तरी वाण्याची उधारी, पतपेढीचं कर्ज, भावाकडून उसने घेतलेले पैसे, सगळं त्यांनी पै-पै करून चुकतं केलं. तरी शेवटच्या आजारपणात ते आईला सारखं सांगायचे, उमराळ्याच्या मावशींचं राहिलं. त्यात पैशाचा संबंध नव्हता. काय राहिलं ते आईलाही ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. ते कसं फेडायचं, हे मात्र आम्हा तिघांपैकी कुणालाच सुचत नव्हतं.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा वडील लोअर परळच्या एका गिरणीत साचा खात्यात होते. डॉ. दत्ता सामंतांच्या शब्दावर अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. तो नुसता विरत गेला, आणि त्याच्याबरोबर घरं विरत गेली. आधी आईच्या बांगड्या गेल्या, मग पितळेची भांडी, मग शिवणयंत्र. कोकणातले कोकणात परतले, घाटावरचे घाटावर. काहींनी पागडीची खोली देऊन टाकली आणि पश्चिम रेल्वेच्या टोकाकडे, नालासोपारा-विरारला, मिळेल तो निवारा घेतला. आम्ही त्यांतले. सरकारच्या कुठल्याही यादीत आमची गणना विस्थापित म्हणून झाली नाही. रेल्वेचं तिकीट काढून, सामानाच्या दोन खेपा करून आम्ही आलो, एवढीच आमची नोंद.

नालासोपारा पश्चिमेला, उमराळ्याच्या बाजूला, एका वाडीच्या कडेला बैठी चाळ होती. भिंती विटांच्या, वर पत्रे. वाडीत केळी, पानवेली, मोगरा, वांगी. त्या हिरव्यागारात आमची चाळ कुणीतरी आणून टाकल्यासारखी दिसायची. चाळ बांधणाऱ्याने नळ येणार म्हणून सांगितलं होतं. नळ काही वर्षांनी आला. पहिल्या उन्हाळ्यात आई हंडा-कळशी घेऊन भर दुपारी पाणी शोधत फिरायची.

वाडी मावशींची. कुपारी समाजातल्या, सामवेदी ख्रिस्ती. लाल लुगडं, खोचलेला काष्टा, पहाटे वाडीत, मग भाजीच्या टोपल्या घेऊन लोकलने दादर. घरात त्या कादोडी बोलायच्या. ती आम्हाला अर्धीमुर्धी समजायची, आणि आमची घाटावरची मराठी त्यांना तेवढीच. एका संध्याकाळी त्यांनी आईला हाक मारली, विहिरीपाशी नेलं आणि सांगितलं: शिंपण आटोपलं की रोज या वेळेला यायचं, चाळीतल्या बाकीच्या बायकांनाही सांगायचं. पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी न्यायचं. विहिरीच्या काठावर कपडे धुवायचे नाहीत, आणि चप्पल खाली काढून वर चढायचं. एवढं बोलून त्या पुन्हा वाडीत गेल्या.

हे पाणी देणं किती मोलाचं होतं ते मला फार उशिरा, शिकून नोकरीला लागल्यावर कळलं. वसईच्या पश्चिम पट्ट्यात गोडं पाणी जमिनीखाली थोडंच आहे. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी. विहीर झेपेल त्यापेक्षा जास्त उपसली की खारं पाणी आत सरकतं, आणि एकदा पाणी मचूळ झालं की पानवेल जाते, केळी जाते, वाडीच जाते. म्हणून तर या गावांत बावखलं राखलेली होती. पावसाचं पाणी त्या खोल तळ्यांत साठायचं, मुरायचं, आणि आसपासच्या विहिरी गोड राहायच्या. नवीन इमारतींना पाणी पुरवायला टँकर याच गावांच्या विहिरींवर येऊ लागले तेव्हा लोक संतापले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसईची चळवळ उभी केली ती याच जमिनी आणि याच पाण्यासाठी. मावशी त्या मोर्चांना जायच्या. सकाळी मोर्चा, आणि संध्याकाळी आमच्या चाळीला विहीर मोकळी. त्यांचा राग टँकरवर होता, हंड्यावर नव्हता. उपसून विकणारा कोण आणि तहानलेला कोण, यातला फरक त्यांनी एकदाही चुकवला नाही. बाहेरून येणाऱ्यांबद्दल आज जे तावातावाने बोलतात, त्यांना मला हे सांगावंसं वाटतं. त्या बाईचं पोट त्या पाण्यावर होतं, तरी तिने ते दिलं.

आईला त्यांनी मोगऱ्याच्या कळ्या खुडायचं काम दिलं. पहाटे उजाडायच्या आत कळ्या खुडून फुलबाजारासाठी पाठवायला लागायच्या. मजुरी रोजच्या रोज, हातावर. नाताळात त्यांच्याकडून फुग्यांचं ताट यायचं, गणपतीत आमच्याकडून मोदक जायचे. शेजारधर्म म्हणावा असं सगळं सुरळीत चाललं होतं. पण वडील त्यात नव्हते. ते घराबाहेर पडत नसत. कुठेतरी पॅकिंगचं, कुठेतरी वॉचमनचं, असं मिळेल ते काम करायचे आणि उरलेला वेळ भिंतीला टेकून बसायचे. विहिरीवरून आलेलं पाणी पिताना त्यांचा चेहरा पाहवत नसे. घेत राहणं माणसाला आतून किती खातं, ते मी त्या वयात पाहिलं.

मग एके दिवशी मावशी आमच्या दारात आल्या. हातात काही नव्हतं. आईला वाटलं, कळ्यांचं काही असेल. त्या वडिलांकडे वळल्या.

"तुम्ही परळचे ना?"

वडील उठून उभे राहिले. मावशींच्या यजमानांच्या घशात गाठ होती, आणि डॉक्टरांनी टाटाला न्यायला सांगितलं होतं. मावशी पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "दादरपर्यंत माझा पाय रुळलाय. त्यापुढचं मला काही ठाऊक नाही. तुम्ही याल का आमच्याबरोबर?"

वडिलांनी ट्रंकेतून इस्त्रीचा सदरा काढला. तो सदरा त्यांनी संपानंतर घातलेला मला आठवत नाही. परळ त्यांना पाठ होतं. टाटा रुग्णालयात कागद कुठल्या खिडकीवर काढायचा, रांगेत किती वाजता उभं राहायचं, रक्ताची सोय कशी होते, केईएमसमोर स्वस्त जेवण कुठे मिळतं, हे सगळं गिरणगावातल्या माणसाला न शिकवता येतं, कारण राज्यभरातून आलेले आजारी आणि त्यांचे नातेवाईक त्याच्या दारावरूनच जात असतात. ते दोघांना घेऊन गेले. उपचार लांबले, तेव्हा आमच्या जुन्या चाळीतल्या शेजाऱ्यांनी मावशींना गॅलरीत अंथरूण दिलं. त्या शेजाऱ्यांच्याही चुली तेव्हा जेमतेम पेटत होत्या. त्या चाळीतल्या बायका पाळीपाळीने डबा द्यायच्या, आणि वाडीतून येणाऱ्या मावशी प्रत्येकीसाठी केळीची फणी घेऊन जायच्या. मावशींचे यजमान त्यानंतर बरीच वर्षं जगले.

वडील त्या दिवसापासून वसईचे झाले. पाणी मिळालं तेव्हा नाही, आईला मजुरी मिळाली तेव्हाही नाही. कुणीतरी त्यांच्या दारात काही मागायला आलं, आणि जे मागितलं ते त्यांच्याकडे होतं, तेव्हा. पुढे उमराळे, गास, निर्मळ इथून परळच्या रुग्णालयांत जायचं असलं की लोक आधी आमच्या चाळीत विचारायला येत. मावशींनी हे मुद्दाम केलं असेल असं मला वाटत नाही. नवरा आजारी होता, त्यांना मदत हवी होती. पण मागताना त्यांनी जराही कमीपणा मानला नाही, आणि ज्याला रोज पाणी दिलं त्याच्याकडे मागायला त्या कचरल्या नाहीत. ही त्यांची थोरवी मला पाण्यापेक्षा मोठी वाटते.

माझी आजी कोल्हापूरहून आमच्याकडे यायची. तिने मावशींना लगेच ओळखलं, म्हणजे त्या कोणत्या जातकुळीच्या बाई आहेत ते ओळखलं. आजीचं गाव वळिवड्याजवळ. दुसऱ्या महायुद्धात पोलंडच्या पूर्व भागातून रशियनांनी सायबेरियाकडे हाकलून दिलेली माणसं इराणमार्गे हिंदुस्थानात आली, आणि १९४३ ते १९४८ या काळात त्यांतली पाचेक हजार माणसं वळिवड्याच्या छावणीत राहिली. बहुतेक बायका आणि मुलं. छावणीत त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, दवाखाना होता. पंचक्रोशीतले लोक दूध, अंडी, भाजी घेऊन तिथे जायचे. आजीही जायची. भाषेचा गंध नाही, बोटांवर हिशेब. एका बाईने आजीच्या पोटाकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं, आणि पुढे मूल झाल्यावर त्या बाईने लोकरीचं टोपरं विणून दिलं. कोल्हापूरच्या उन्हात लोकरीचं टोपरं! तरी आजीने ते बाळाला घातलं. ते बाळ म्हणजे माझे वडील. आजी म्हणायची, त्या बाईचं घर गेलं, नवरा गेला, तरी माझ्याकडून दूध घेऊन ती गप्प बसली नाही, तिला काहीतरी द्यायचंच होतं, आणि मी नको म्हटलं असतं तर तिला फार लागलं असतं.

त्या छावणीतली एक तरुणी, वांदा नोवित्स्का, वसंत काशीकरांशी लग्न करून मालती काशीकर झाली आणि कोल्हापुरातच राहिली. पोलिश माणसं गेली, त्यांच्या बराकींत फाळणीनंतर आलेले सिंधी निर्वासित राहू लागले, आणि त्या वस्तीचं गांधीनगर झालं. आज तिथे कापडाची मोठी बाजारपेठ आहे. २०१९ मध्ये छावणीत वाढलेली काही वृद्ध मंडळी पोलंडहून पुन्हा कोल्हापूर पाहायला आली होती. ती बातमी मी वडिलांच्या फोटोपुढे बसून आईला वाचून दाखवली.

जुलै २०१८ पर्यंत आमच्या चाळीच्या जागी इमारत झाली होती. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. तळमजल्यावर जौनपूरकडचं एक कुटुंब भाड्याने राहायला होतं. माणूस प्लास्टरचं काम करायचा, बायको आणि दोन मुलं. त्या जुलैत पाऊस थांबेचना. १० तारखेला रूळ पाण्याखाली होते, वडोदरा एक्सप्रेस नालासोपाऱ्याजवळ अडकली आणि प्रवाशांना बोटीतून काढावं लागलं. वसईच्या मिठागरांत शेकडो माणसं अडकली. पाणी ओसरायचं कुठे? ज्या खाजणांत ते पूर्वी पसरायचं तिथे भराव घालून घरं उभी राहिली होती. तळमजल्यावर कंबरभर पाणी शिरलं. ते कुटुंब गाद्या, सिलिंडर आणि मुलांची दप्तरं घेऊन आमच्याकडे वर आलं.

वीज गेली, म्हणून पंप बंद. भोवती सगळीकडे पाणी आणि नळाला थेंब नाही. मावशी तोपर्यंत राहिल्या नव्हत्या. त्यांचा मुलगा गुडघाभर पाण्यातून आला आणि म्हणाला, आमची विहीर उंचावर आहे, काठ बुडालेला नाही, दोर बांधलाय, पोरांना पाठवा. इमारतीतली पोरं रांग लावून हातोहात कळशा वर पोचवू लागली. त्यांतली निम्मी पोरं त्या विहिरीजवळ पहिल्यांदाच गेली असतील. येताना त्याने वांगीही दिली.

घरात ती जौनपूरची बाई कोपऱ्यात अंग चोरून बसायची. ताट पुढे ठेवलं तरी आधी मुलांना भरवायची, स्वतः दोन घास खायची. आईने दोन दिवस पाहिलं. तिसऱ्या दिवशी वांगी तिच्यापुढे ठेवून म्हणाली, "आज तू कर. माझ्याच हातचं खाऊन मला कंटाळा आलाय. तुमच्याकडचं काय असतं ते मला शिकव." त्या बाईने गॅसवर वांगी भाजली, हाताने कुस्करली, त्यात लसूण, हिरवी मिरची, मोहरीचं तेल घातलं. तेलाची बाटली तिने पाण्यातून वाचवून आणली होती. आई शेजारी बसून एकेक गोष्ट विचारत होती, हे किती, ते केव्हा. त्या बाईचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा नीट ऐकला. त्या रात्री ती सगळ्यांबरोबर पोटभर जेवली.

२०२० च्या टाळेबंदीत हेच कुटुंब गावी निघालं. वसईत सनसिटीच्या मैदानावर श्रमिक गाड्यांसाठी उन्हात हजारो माणसं ताटकळत होती. आईने त्यांना दशम्या बांधून दिल्या. खोलीची किल्ली त्यांनी आमच्याकडे ठेवली. पुढच्या वर्षी ते परत आले आणि किल्ली घेऊन गेले. धाकटा मुलगा आता विरारच्या कॉलेजात जातो, आणि आईला रुग्णालयात न्यायचं झालं की तिला धरून रिक्षात बसवायला तोच येतो.

गेल्या महिन्यात मावशींचा मुलगा आमच्याकडे आला. वाडीमागच्या बावखलात रात्री कुणीतरी डंपरने डेब्रिज टाकतंय. ते बुजलं की विहीर टिकणार नाही. महापालिकेला आणि तहसीलदारांना अर्ज द्यायचाय, पण एकट्याच्या सहीला कोण विचारतो? "तुमच्या इमारतीतल्या सह्या मिळतील का?" तो दारातच उभा राहून विचारत होता.

आईने त्याला आत बोलावलं, चष्मा शोधला आणि पहिली सही केली. दुसरी जौनपूरच्या बाईची, हिंदीत. तिसरी माझी. अर्ज आता माझ्याकडे आहे. बी विंग अजून राहिली आहे, तिथे रविवारी सगळे घरी असतात.