तार आणि तपशील

पूर्वीं दाराशीं तारवाला दिसला कीं तार फोडण्यापूर्वींच घरांतील बायका डोळ्यांना पदर लावीत. "ताबडतोब निघा" एवढेच शब्द; कां, कोणासाठीं, हें लिहावयाचें तर जास्त पैसे पडत! ती तार 2013 सालीं बंद झाली. पण गेल्या श्रावणांत जव्हारच्या घरीं मला तिची पुन्हां आठवण झाली.

एका लहानशा संस्थेच्या सर्व्हरवर देखरेख ठेवण्याचें काम माझ्याकडे आहे. मोखाडा तालुक्यांतील पाड्यांवरच्या बालकांचीं वजनें त्यांत नोंदलीं जातात. 1992-93 च्या सुमारास जव्हार तालुक्यांतील वावर-वांगणीला शंभरांहून अधिक बालकें कुपोषणानें दगावलीं, हें ज्याला ठाऊक आहे, त्याला या आंकड्यांचें मोल निराळें सांगावयास नको.

सर्व्हर आपलें बरेंवाईट लॉगमध्यें ओळीओळीनें लिहून ठेवितो. ओळींत 'एरर' हा शब्द आला कीं झॅबिक्स नांवाच्या पहारेकऱ्यानें मला एसएमएस धाडावा, अशी योजना मींच केली होती. त्या रात्रीं दोन वाजतां संदेश आला : "लॉगमध्यें दोष आढळला." बाहेर मुसळधार पाऊस, इंटरनेट गेलेलें, लॉग उघडून पाहण्याची सोय नाहीं. असले संदेश नेहमींच येत व बहुधा क्षुल्लक निघत. मीं कूस बदलली.

दुसऱ्या दिवशीं इंटरनेट आलें, तरी सायंकाळपर्यंत मी तिकडे फिरकलों नाहीं. पाहतों तों डिस्क भरलेली, आणि दिवसभरांत पाड्यांवरून आलेलें एकही वजन लिहिलें गेलेलें नाहीं! कार्यकर्तीनें सारें कागदावर टिपून ठेविलें होतें, म्हणून निभावलें. तिनें विचारलें, "दादा, तुम्हाला कळलं नव्हतं का?" कळलें होतें, पण काय, तें कळलें नव्हतें. 'लांडगा आला रे आला' म्हणणारा गोष्टींतील पोरगा खोटें बोलत होता. माझा पहारेकरी खरें बोलत होता. तरी दोघांचें ओरडणें सारखेंच वायां गेलें.

त्याच रात्रीं मीं संदेशाच्या साच्यांत 'आयटेम.व्हॅल्यू' हें पद घातलें. त्या जागीं जुळलेली मूळ ओळच येऊन बसते. त्याचा भाऊ 'आयटेम.लास्टव्हॅल्यू' दिसावयास तसाच. पण तो घटनेच्या वेळची ओळ न देतां संदेश निघतांना जी ताजी असेल ती देतो, म्हणून त्याला टाळलें. शोधाच्या नमुन्यांत कंस घातले, कीं ओळींतील हवा तेवढाच तुकडा उचलला जातो. त्यामुळें दोष कळतो, आणि बालकांचीं नांवें मात्र एसएमएसमधून फिरत नाहींत. शिवाय एकदां ओरडून हा पहारेकरी गप्प बसत असे. प्रत्येक जुळलेल्या ओळीगणिक नवी सूचना दे, असेंहि त्याला बजाविलें.

पाऊस तसाच कोसळतो, इंटरनेट तसेंच जातें. पण आतां मध्यरात्रीं एसएमएस वाजला, तर उठावयाचें कीं निजावयाचें, हें ती एक ओळ वाचतांच मला कळतें.