होळीपर्यंत

गेल्या मार्गशीर्षात मी मेळघाटात गेलो, तो वाघ पाहायला नव्हे. माझा एक जुना विद्यार्थी तिथल्या एका द्विशिक्षकी शाळेत नऊ वर्षे मास्तर आहे. दर दिवाळीला त्याचा फोन येतो आणि ‘सर, एकदा याच!’ या वाक्याने संपतो. अखेर गेलो.

परतवाड्याला एस.टी.त बसलो. घाट लागला, सागाचे रान दाटले. सेमाडोह गेले, हरिसाल गेले. धारणीच्या अलीकडे एका फाट्यावर स्वारी मोटारसायकल घेऊन हजर होती.

शाळेसमोर उतरताच मी म्हणालो, “भाग्यवान आहेस हो! काय ही हवा!”

तो हसला. “हवेशी किती बोलणार, सर?”

बायको-मुलगी अमरावतीला, मुलीच्या शाळेसाठी. फोन लागतो तो टेकडीवर चढल्यावर. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे साठ मुलांपर्यंत शिक्षक दोन. पण जोडीदार प्रशिक्षणाला गेला की चारही वर्ग याच्या एकट्याच्या गळ्यात!

कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, संथाळीची बहीण. मराठीशी तिचे रक्ताचे नाते नाही. हे मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो. पहिलीतले पोर ‘जेवलास का?’ या प्रश्नावर मुके होते, हा त्याचा अर्थ मात्र मला इथे कळला. ‘जोम’ म्हणजे खाणे, हे मास्तरांना मुलांनीच शिकवले. “पहिलं वर्ष मीच पहिलीत होतो, सर,” तो म्हणाला. “ज्या दिवशी त्यांच्या भाषेतला विनोद मला कळला आणि मी हसलो, त्या दिवशी ही शाळा माझी झाली.”

हजेरीपट पाहिला. नावे चौतीस, समोर मुले पंधरा.

“बाकीची?”

“दिवाळीनंतर गेली, आईबापांबरोबर कामाला. कोदो-कुटकी वर्षभर थोडीच पुरते? होळीला येतील.”

आपण दिवाळीला घरी येतो. इथली माणसे दिवाळी झाली की घर सोडतात. होळी हा कोरकूंचा मोठा सण, तेव्हाच गाव पुन्हा भरते. तोवर हा रिकाम्या जागांकडे पाहत शिकवतो.

रात्री त्याने पेटीतून बदलीचा अर्ज काढला. भरलेला, सही केलेला. “दर वर्षी भरतो. होळीपर्यंत थांबू म्हणतो. पोरं परत आली, की राहून जातो.”

‘धन्य तुझी!’ असे काहीतरी माझ्या ओठांवर आले होते, गिळले. कौतुकाने त्याची मुलगी जवळ येत नाही. कुटुंबासह राहता येईल अशी खोली आणि बोलायला एक कायमचा सोबती, एवढे असते तर त्या अर्जाला पेटीत जागा लागली नसती.

फाल्गुनात फोन आला. “एकतीस आले, सर!” आवाजात आनंद मावत नव्हता. न आलेल्या तिघांची नावे त्याने मी न विचारताच सांगितली.

अर्जाचे मी विचारले नाही.