विंचवाचं देणं

तुमच्या ब्लडप्रेशरचा आणि आमच्या गावच्या विंचवाचा संबंध आहे, असं सांगितलं तर? ऑफिसात सांगितलं तेव्हा सगळे हसले. पण आहे बॉस!

आमचं गाव बुलढाणा जिल्ह्यात, मेहकरकडचं. सोयाबीनच्या सोंगणीत आत्याला लाल विंचू चावला होता. दरदरून घाम, हातपाय गार, मग धाप. याचं विष नसांमधली सोडियमची दारं उघडीच ठेवतं. ॲड्रेनॅलिनचा लोंढा येतो, बीपी चढतं, फुप्फुसात पाणी भरू शकतं. आत्या वाचली ती प्राझोसिनमुळे. ही मुळात बीपीची, स्वस्तातली गोळी. रक्तवाहिन्या सैल करते. विंचूदंशावर ती वापरून दाखवली महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी, १९८०च्या दशकात. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

पण त्याच विषात आणखी एक चीज आहे. १९९० मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी लाल विंचवाच्या विषातून आयबेरिओटॉक्सिन वेगळं केलं. फक्त ३७ अमिनो आम्लांचं इवलंसं प्रथिन. ते शरीरातलं एक ठरावीक दार बंद करतं. त्या दाराचं नाव बीके चॅनेल.

हे बीके म्हणजे पेशीच्या पडद्यात बसलेलं प्रथिन. कुकरची शिट्टीच समजा ना! पेशीत कॅल्शियम वाढलं की स्नायू आवळतो. तेव्हा हे दार उघडतं, पोटॅशियम बाहेर सोडतं आणि स्नायूला सैल पडायला लावतं. आयबेरिओटॉक्सिनने शिट्टी दाबून धरली, की ती कुठे काय काम करते ते कळतं. रक्तवाहिन्या, मूत्राशय, श्वासनलिका, सगळीकडे ती सापडली. म्हणून हे दार उघडणारं औषध बीपी, दमा, सारखी लघवीला लागणं यांवर चालेल, अशी आशा.

गोची अशी, की हेच दार मेंदूतही आहे. एकीकडचं उघडताना दुसरीकडचं उघडायचं नाही, हे अवघड. पक्षाघातासाठी आणलेलं मॅक्सिपोस्ट मोठ्या चाचण्यांत चाललंच नाही.

मला विचाराल तर दोन्ही हवं. लॅबमध्ये नव्या दाराचा शोध, आणि गावच्या दवाखान्यात जुनी गोळी. दहा वर्षांनी येणारं औषध आज रात्री चावलेल्या विंचवाला उपयोगाचं नाही. तेव्हा सुट्टीत गावी गेलात आणि कुणाला विंचू चावला, तर मंत्र-बिंत्र राहू द्या. गाडी काढा, थेट दवाखाना गाठा.