भेदरं, चेरी टोमॅटो आणि माझा एक चुकलेला सल्ला

"डॉक्टरसाहेब, टमाटर चालते का?"

जठारपेठेतल्या माझ्या दवाखान्यात मुतखड्याचा रुग्ण आला, की सोनोग्राफीचा रिपोर्ट टेबलावर ठेवण्याआधी हा प्रश्न विचारतो. सुरुवातीची काही वर्षं मी या प्रश्नाचं उत्तर चुकीचं देत होतो. त्या चुकीचा सर्वांत जास्त त्रास माझ्याच घरातल्या माणसाला झाला. म्हणून आज थोडं माझ्या गच्चीवरच्या चेरी टोमॅटोंविषयी, आणि थोडं त्या चुकीविषयी.

आमच्या वऱ्हाडात जुनी माणसं टोमॅटोला भेदरं म्हणतात. त्यातही खरं भेदरं म्हणजे गावरान. बोराएवढं, पातळ सालीचं, चांगलंच आंबट. शेताच्या धुऱ्यावर, न्हाणीच्या सांडपाण्यावर आपलं आपण उगवणारं. आई ती भेदरं तव्यावर तेलात टाकायची, सोबत हिरव्या मिरच्या आणि लसूण. साली सुटल्या की मीठ घालून रगडायची आणि वरून सांबार, म्हणजे आपली कोथिंबीर. ही चटणी आणि ज्वारीची भाकर असली की तिला दुसरी भाजी लागत नसे.

1999 च्या उन्हाळ्यात आईला मुतखडा झाला. खडा लहान होता, आपोआप पडून गेला. मी तेव्हा नुकताच एम.डी. झालो होतो. मी तिला ठणकावून सांगितलं, "टोमॅटो आजपासून बंद."

"काहून रे बापू, एवढुसं भेदरं काय करते?"

"बिया असतात ना त्यात!"

हे मी कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. सगळे म्हणतात म्हणून मीही म्हणालो. खरं तर टोमॅटोची बी पचली नाही तर शौचावाटे बाहेर पडते. आतड्यातून मूत्रपिंडात जायला तिला रस्ताच नाही. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात, हे खरं. पण मध्यम आकाराच्या एका टोमॅटोत ऑक्झलेट जेमतेम काही मिलिग्रॅम असतं. पालकात ते शेकडो मिलिग्रॅमच्या घरात जातं. दोघांना एकाच यादीत बसवणं म्हणजे वाटी आणि विहीर सारखीच मानणं.

खडा पुन्हा होऊ नये म्हणून सर्वांत महत्त्वाचं आहे पाणी. दिवसाला अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी पोटात जायला हवं. अकोल्यात मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो आणि बरंचसं पाणी घामावाटेच निघून जातं. तेव्हा तहान लागेल तेवढंच पिऊन भागत नाही. दुसरं म्हणजे मीठ कमी. तिसरं, दूध-दही बंद करू नका. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून ठेवतं आणि शौचावाटे बाहेर नेतं.

हे सगळं पुढे दोन-तीन वर्षांत माझ्या नीट वाचनात आलं आणि दवाखान्यातला सल्ला मी बदलला. घरचा सल्ला बदलायचा मात्र राहून गेला.

2008 मध्ये एका रात्री आम्ही जेवायला बसलो होतो. आई वरणातल्या टोमॅटोच्या फोडी बोटानं ताटाच्या कडेला सारत होती. मी विचारलं, "आवडत नाही का आता?"

ती म्हणाली, "तूच तं सांगतलं होतं नं बापू."

नऊ वर्षं! रोज शेजारी बसून जेवणाऱ्या माझ्या लक्षात ते आलं नव्हतं. मी तिला म्हणालो, "माझं चुकलं होतं. खा तू." ती रागावली नाही. तिनं गावाहून भेदऱ्याचं बी मागवून घेतलं आणि मला दोन रिकाम्या बादल्यांना भोकं पाडायला लावली. आमच्या गच्चीवरची बाग अशी सुरू झाली.

आज आई नाही. पण दर हिवाळ्यात दोन कुंड्या भेदऱ्याच्या आणि चार चेरी टोमॅटोच्या असतातच. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनं दोन्ही एकाच जातीची. आपल्याकडे लावायचा काळ महत्त्वाचा. ऑगस्टच्या शेवटी बी टाकतो, महिन्याभरानं रोपं मोठ्या कुंडीत हलवतो आणि डिसेंबर ते फेब्रुवारी फळं खातो. मार्च संपला, की दुपारी पारा 35 च्या वर आणि रात्रीही उकाडा. तेव्हा परागकण नीट काम करत नाहीत आणि फुलं गळतात. खत वाढवून उपयोग नसतो. आपली काळी माती कुंडीत एकटी घालू नका. ती पाणी धरून बसते आणि वाळली की भेगाळते. मी निम्मी माती आणि निम्म्यात शेणखत व वाळू घेतो.

पहिल्या वर्षी फळांचे बूड काळे पडले. ते कॅल्शियमच्या कमतरतेचं लक्षण. म्हणून मी अंड्यांची टरफलं कुटून घातली. फरक पडला नाही. मातीत कॅल्शियम होतंच, पण आमच्याकडे नळ रोज येत नाही, म्हणून मीही पाणी आठवड्यातून दोनदा भरपूर आणि एरवी काहीच नाही असं घालत होतो. पाण्याबरोबरच कॅल्शियम फळापर्यंत पोचतं. रोज सकाळी थोडं थोडं पाणी सुरू केलं आणि नवी फळं स्वच्छ आली. रोगाचं नाव बरोबर आणि उपचार चुकीचा, असं डॉक्टरांच्या बागेतही होतं.

चव घ्यायची तर सकाळी वेलावरूनच तोडून तोंडात टाका. चेरी टोमॅटो आधी गोड लागतो, भेदरं आधी आंबट. बियांभोवतीचा जो गर आपण नको म्हणून काढून टाकतो, त्यातच आंबटपणा आणि ग्लुटामेट जास्त असतं. म्हणून टोमॅटो घातलेल्या भाजीला मीठ कमी पुरतं. रक्तदाबाच्या रुग्णांनी हे करून पाहावं. तोडलेली फळं फ्रिजमध्ये ठेवू नका, थंडीत त्यांचा वास मरतो.

शंभर ग्रॅम टोमॅटोत साधारण 18 कॅलरी असतात, त्यामुळे मधुमेहींनाही हरकत नाही. त्यातलं लायकोपीन तेलात शिजवल्यावर शरीरात जास्त चांगलं शोषलं जातं. म्हणजे आईची चटणी त्या हिशेबानंही बरोबर होती. पण लायकोपीन म्हणजे कॅन्सरचं औषध नव्हे, एवढं लक्षात ठेवा.

मग टोमॅटो कुणी जपून खावा? मूत्रपिंड निकामी होत चाललंय आणि रक्तात पोटॅशियम वाढलंय, अशांनी. शंभर ग्रॅममध्ये साधारण 240 मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्यांच्या रक्तातलं पोटॅशियमही वाढू शकतं. त्यांनी ते अधूनमधून तपासावं आणि मूत्रपिंडही कमजोर असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारावं. ज्यांना छातीत जळजळ होते, त्यांनी रात्री टोमॅटो टाळून पाहावा.

आता मी कुणाला काही बंद करायला सांगितलं, की चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहितो: काय बंद, कशासाठी आणि किती दिवस. पुढच्या भेटीला तुमचे डॉक्टर हे लिहायला विसरले, तर तुम्हीच विचारा. आणि घरातलं एखादं म्हातारं माणूस ताटाच्या कडेला काही सारत असेल, तर त्यालाही एकदा विचारून पाहा, कुणी आणि कधी सांगितलं होतं ते.