आपण नसताना

चरकसंहितेत उपचाराचे चार पाय सांगितले आहेत : वैद्य, औषध, शुश्रूषा करणारा आणि स्वतः रोगी. चारांपैकी एक जरी लंगडा असला तरी उपचार उभा राहत नाही. शुश्रूषा करणाऱ्याला तिथे 'उपस्थाता' हा शब्द आहे आणि त्याच्या अंगी चार गुण असावेत अशी अपेक्षा आहे. शुश्रूषेचे ज्ञान, हाताची तत्परता, रोग्याविषयी जिव्हाळा आणि स्वच्छता. ही यादी आजच्या नर्सिंगच्या पाठ्यपुस्तकात तशीच्या तशी छापली तरी कोणी हरकत घेणार नाही. परंतु ही यादी वाचताना डोळ्यांपुढे येतो तो एक रोगी आणि त्याच्या उशाशी बसलेला एक उपस्थाता. चाळीस खाटांचा वॉर्ड, दिवसाच्या तीन पाळ्या, बदलत राहणाऱ्या मुली, दोन आया, एक वॉर्डबॉय आणि एकच चालू असलेली सक्शन मशीन, हे चित्र पुढे आले की चार गुण अपुरे पडतात. पाचवा लागतो. त्याला पुस्तकात नेतृत्व म्हणतात, व्यवस्थापन म्हणतात. आपण साध्या मराठीत 'घडी बसवणे' म्हणू.

हायस्कूलच्या हेडमास्तरने या विषयात का पडावे, असे कोणी विचारील. कारण असे की, नर्सिंग कॉलेजात शिकवणाऱ्या आमच्या शाळेच्या एका माजी विद्यार्थिनीने मला शेवटच्या वर्षाच्या मुलींपुढे 'नेतृत्व आणि व्यवस्थापन' या विषयावर बोलायला बोलावले. "सर, तुम्ही एवढी वर्षे शाळा चालवता, तुम्हाला काय अवघड आहे?" असे म्हणून तिने त्यांचे पाठ्यपुस्तकही माझ्या हाती दिले. मी ते परीक्षेला बसल्यासारखे वाचून काढले.

पुस्तकात आंरी फायोल भेटला. हा फ्रेंच गृहस्थ खाणींचा इंजिनिअर. १९१६ साली त्याने कारभाराची चौदा तत्त्वे मांडली. कामाची विभागणी, शिस्त, अधिकार आणि जबाबदारी यांचा मेळ, असे करत करत एक तत्त्व येते की प्रत्येक माणसाला हुकूम देणारा वरिष्ठ एकच असावा. इथे मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो. वॉर्डमधल्या नर्सला हुकूम देणारे किती असतात हे ज्याने इस्पितळात चार दिवस काढले आहेत त्याला ठाऊक आहे. मोठे डॉक्टर राउंडला येऊन एक सांगतात, मागून येणारे शिकाऊ डॉक्टर त्यात दुरुस्ती करतात, मेट्रनबाई ड्यूटीची यादी बदलतात, कचेरीतला कारकून स्टोअरचा हिशेब मागतो, आणि रोग्याचे नातेवाईक तर सगळ्यांचेच वरिष्ठ असतात! फायोलचे दुसरे एक तत्त्व म्हणजे जबाबदारी असेल तिथे तेवढाच अधिकारही हवा. नर्सच्या बाबतीत जबाबदारी पुरेपूर आणि अधिकार मात्र चमचाभर. खाणीचे तत्त्वज्ञान वॉर्डात आणले की असे चटके बसतात.

म्हणून मी फायोलला बाजूला ठेवून फ्लॉरेन्स नाइटिंगेलकडे वळलो. तिच्याविषयी आपल्याला लहानपणापासून शिकवले जाते ते एवढेच की, ती रात्री हातात दिवा घेऊन जखमी सैनिकांमधून फिरायची. चित्र खरे आहे, पण अर्धे आहे. १८५४ च्या नोव्हेंबरात ती ३८ परिचारिकांना घेऊन स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात पोहोचली, तेव्हा तिला सर्वांत आधी लढावे लागले ते चादरी, साबण, ब्रश आणि स्वयंपाकघर यांच्यासाठी. १८५५ च्या हिवाळ्यात तिथे मृत्यूंनी कळस गाठला. मार्चमध्ये इंग्लंडहून स्वच्छता आयोग आला, तुंबलेली गटारे उपसली गेली, हवा खेळती झाली, आणि मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने खाली आले. युद्ध संपल्यावर तिने विल्यम फार या आकडेशास्त्र्याच्या मदतीने सगळ्या नोंदी मांडल्या, तेव्हा स्पष्ट दिसले की शत्रूच्या गोळ्यांपेक्षा कितीतरी अधिक सैनिक टाळता येण्याजोग्या रोगांनी मेले होते. हे तिने झाकले नाही. रंगीत आकृत्या काढून सरकारपुढे ठेवले. १८५८ साली लंडनच्या संख्याशास्त्रीय संस्थेने तिला सभासद करून घेतले, आणि तो मान मिळवणारी ती पहिली स्त्री. दिव्याइतकीच तिच्या हातातली वही मोठी होती.

१८५९ साली तिने शुश्रूषेवर एक लहानसे पुस्तक लिहिले. त्यात किरकोळ व्यवस्थेवर एक प्रकरण आहे. नाव साधे, पण सगळे मर्म तिथेच आहे. तिचे म्हणणे थोडक्यात असे, की तुम्ही हजर असताना जे करता, ते तुम्ही हजर नसतानाही घडेल अशी तजवीज केली नसेल, तर तुमची सगळी शुश्रूषा वाया जाऊ शकते. प्रमुख असणे म्हणजे स्वतः सगळे करणे नव्हे. प्रत्येकाकडून ते होईल असे बघणे. चौदा तत्त्वांच्या जागी मला हे एकच तत्त्व पुरेसे वाटते.

ते वाचताना मला आमच्या तात्यांचे आजारपण आठवले. २०१६ च्या पावसाळ्यात ते अंगणात घसरले आणि खुब्याचे हाड मोडले. वय ब्याऐंशी. आमच्या भागातल्या एका मोठ्या इस्पितळात एकोणीस दिवस काढले. खाटा चौतीस, आणि रात्री नर्स दोन. वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टर चिक्कोडीकडच्या, घरची भाषा कन्नड. तात्यांना त्या 'अज्जा' म्हणत, माझ्याशी मराठीत बोलत आणि समोरच्या खाटेवरच्या चाचांशी हिंदीत. खाटेजवळच्या स्टुलावर बसून मला दुसरे कामच नव्हते, त्यामुळे मी त्यांचा कारभार पाहत राहिलो.

पहिली गोष्ट लक्षात आली ती ही की, इन्चार्ज सिस्टरची ड्यूटी फक्त सकाळची. दुपारनंतर त्या घरी. म्हणजे चोवीस तासांपैकी सोळा-सतरा तास वॉर्डची प्रमुख वॉर्डात नसते! हेडमास्तरचे तसे नाही. शाळा सुटली की पोरेही घरी जातात. वॉर्ड सुटत नाही.

मग त्या काय करत? पाळी बदलताना टेबलाशी उभे राहून वही वाचून दाखवायची पद्धत त्यांनी बंद केली होती. जाणारी आणि येणारी अशा दोघींनी प्रत्येक खाटेपाशी जाऊन सांगायचे-ऐकायचे. सलाईन किती उरले, लघवीची पिशवी कधी रिकामी केली, कुणाला औषधाची अॅलर्जी आहे, कुणी सकाळपासून जेवलेले नाही. रोगी समोर असल्यामुळे वहीत लिहिलेले आणि खाटेवरचे जुळते की नाही ते तिथल्या तिथे कळे. या एका सवयीला वीस मिनिटे जास्त लागत. नव्या मुली कुरकुरत. पण तात्यांना पेनिसिलिन चालत नाही हे मला एकोणीस दिवसांत पुन्हा एकदाही सांगावे लागले नाही.

दुसरी गोष्ट आयांची. अंथरुणाला खिळलेल्या रोग्याला साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. दिवसाला बारा वेळा. हे काम आयांच्या मदतीने होते. त्यांतली एक आया निरक्षर होती. सिस्टरांनी खाटेच्या पायाशी पुठ्ठा टांगला होता आणि त्यावर घड्याळाची चित्रे काढली होती. कूस बदलली की त्या चित्रावर फुली मारायची. आणि फुली मारली म्हणून सिस्टर निर्धास्त बसत नसत. सकाळी आल्या की स्वतः तात्यांच्या पाठीवरून हात फिरवून बघत. नर्सिंगच्या पुस्तकात काम सोपवण्याचे पाच नियम आहेत. काम योग्य हवे, परिस्थिती योग्य हवी, माणूस योग्य हवा, सूचना स्पष्ट हव्यात आणि देखरेख हवी. काम सोपवता येते, जाब देण्याची जबाबदारी सोपवता येत नाही, हा त्याचा सारांश. पुठ्ठा आणि पाठीवरचा हात या दोहोंत ते पाचही नियम आले.

तिसरी गोष्ट मी आजतागायत आमच्या शिक्षकांना सांगत असतो. एका सकाळी सिस्टरांनी रात्रीचे चार्ट पाहिले, तर सात-आठ रोग्यांचा ताप एकसारखाच लिहिलेला, ९८.६. थर्मामीटर न लावताच आकडे भरले होते हे उघड होते. रात्रपाळीची मुलगी नवीन, घरी निघालेली. सिस्टर तिच्यावर वॉर्डात ओरडल्या नाहीत. थर्मामीटर घेऊन तिच्याबरोबर प्रत्येक खाटेपाशी गेल्या आणि ताप पुन्हा मोजून घेतला. चाचांना १०१ निघाला. मुलीचा चेहरा पडला. नंतर मी सिस्टरांना म्हटले, "तुम्ही फारच सौम्यपणे घेतलेत." त्यावर त्या म्हणाल्या, "सर, मी ओरडले असते तर उद्यापासून तिने आकडे वेगवेगळे लिहिले असते. ताप घेतला नसताच."

भीतीने खोटी नोंद जन्माला येते, हे व्यवस्थापनाचे सूत्र मला कोणत्याही जाड ग्रंथात इतके स्वच्छ सापडलेले नाही. चूक सांगितली की शिक्षा होते असे जिथे वातावरण असेल, तिथे चुका कमी होत नाहीत, फक्त दिसेनाशा होतात. शाळेत त्याने मुलाचा एखादा धडा बुडेल. वॉर्डात माणूस जाईल.

त्या सिस्टरांचे हातही किती बांधलेले होते ते पाहिले. रबरी शीट फाटलेली. नवीन मिळवायला तीन सह्या. रात्री तिसरी नर्स मिळावी म्हणून त्यांनी अर्जांवर अर्ज केले होते, उत्तर नाही. भारतीय परिचर्या परिषदेचे प्रमाण असे की सामान्य इस्पितळात पाच रोग्यांमागे एक नर्स असावी, वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेल्या इस्पितळात तीन रोग्यांमागे एक. चौतिसांना दोन हे कुठल्या गणितात बसते? उत्तम नेतृत्वसुद्धा माणसांची उणीव भरून काढू शकत नाही. ती काही काळ झाकू शकते, एवढेच.

आणि याच ठिकाणी आपला समाज मोठी चलाखी करतो. रमाबाई रानडे यांनी पुण्यात १९०९ साली सेवासदन उभे केले आणि विधवा व परित्यक्ता स्त्रियांना नर्सिंगच्या शिक्षणाकडे वळवले, तेव्हा चांगल्या घरातल्या बाईने परपुरुषाची सेवा करणे लोकांना कमीपणाचे वाटे. आज तसे कोणी उघड बोलत नाही. आज आपण १२ मे रोजी नाइटिंगेलच्या जन्मदिवशी परिचारिकांना गुलाब देतो, 'सेवेची देवता' म्हणतो. देवतेला पगारवाढ लागत नाही, रजा लागत नाही, रबरी शीट लागत नाही. तिला अधिकार तर मुळीच लागत नाही. हार घालून आपण मोकळे होतो. मी मुलींपुढे बोललो तेव्हा हेच सांगितले. देवता म्हणवून घेण्यापेक्षा वॉर्डच्या नोंदी चोख ठेवा. किती रोगी, किती नर्स, किती जखमा, किती पडझडी. नाइटिंगेलने मंत्र्यांना हलवले ते वहीच्या जोरावर.

एक मुलगी उठली. तिने विचारले, "सर, आमच्या हातात अधिकार नाही, माणसे नाहीत, मग आमचे नेतृत्व ते कसले?"

मी तिला अरुणा शानभाग यांची हकीकत सांगितली. ही मुलगी आपल्या शेजारच्या कारवार भागातली, हळदीपूरची. मुंबईच्या के.ई.एम. इस्पितळात नर्स होती. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी इस्पितळातल्याच एका सफाई कामगाराने केलेल्या भीषण हल्ल्यात तिच्या मेंदूला इजा झाली आणि ती पुन्हा भानावर आली नाही. त्यानंतर १८ मे २०१५ रोजी न्युमोनियाने तिचे निधन होईपर्यंत, एक्केचाळीस वर्षे आणि वर काही महिने, के.ई.एम.च्या नर्सनी तिला सांभाळले. १९८० नंतरच्या दशकात तिला तिथून हलवून खाट मोकळी करण्याचा घाट महापालिकेने घातला, तेव्हा त्या विरोधात उभ्या राहिल्या आणि तो बेत सोडून द्यावा लागला. २०११ साली तिच्या दयामरणाचा अर्ज सर्वोच्च न्यायालयापुढे आला. न्यायालयाने तो फेटाळताना या नर्सच्या सेवेची मुद्दाम दखल घेतली. इतकी वर्षे अंथरुणाला खिळूनही तिच्या अंगावर जखमा होऊ दिलेल्या नाहीत, ही गोष्ट न्यायालयापुढे आली होती.

दयामरणाच्या प्रश्नावर सुजाण माणसांची मते भिन्न आहेत आणि तो वाद मी इथे उकरत नाही. मी बघतो ते फक्त त्या न झालेल्या जखमांकडे. चार दशके न झालेली जखम कोणा एका प्रेमळ बाईच्या हातची नसते. १९७३ ला जिने पहिल्यांदा तिची कूस बदलली ती निवृत्त झाली, तिच्या जागी आलेलीही निवृत्त झाली. मेट्रन बदलल्या, डीन बदलले, औषधे बदलली. शेवटच्या वर्षांत जिने तिला भरवले, पुसले, कुशीवर वळवले, त्या मुलींपैकी कित्येकींचा १९७३ साली जन्मही झाला नव्हता. त्यांना हे काम कोणी तरी दाखवून दिले होते, आणि दाखवून देणाऱ्या कधीच घरी गेल्या होत्या.

ती मुलगी काही बोलली नाही. खाली बसून तिने वहीत काहीतरी लिहून घेतले.